कुत्रा कोणाचा? खूण, नोंद आणि टाकून दिलेला प्राणी

या व्याख्यानमालेत आपण शहराचे रोजचे प्रश्न घेतो आणि त्यांच्याकडे इतिहासाच्या बाजूने पाहतो. आजचा प्रश्न वरवर पाहता इतिहासाचा वाटणार नाही. पाळीव कुत्र्याला मायक्रोचिप बसवणं सक्तीचं केलं, तर लोक कुत्री टाकून द्यायचं थांबतील का? चेन्नई महापालिकेने २०२५ मध्ये पाळीव कुत्र्यांच्या परवान्याबरोबर चिपचीही सक्ती आणली. छत्रपती संभाजीनगरातही रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "सगळ्यांना चिपा बसवा, म्हणजे मालक सापडतील."

मालक सापडतील, हे बरोबर आहे. पण सापडल्यावर पुढे काय, हा खरा मुद्दा आहे. आणि नेमका तोच मुद्दा आपल्याकडे तीन-चारशे वर्षं वेगवेगळ्या रूपात येतो आहे.

आधी एक वाटणी करून घेऊ. रस्त्यावर दिसणारी कुत्री एका प्रकारची नसतात. एक, जे कधीच कोणा एकाच्या मालकीचं नव्हतं, गल्लीत जन्मलं, गल्लीतच वाढलं. दुसरं, जे घरातलं आहे पण फटाक्याला घाबरून किंवा फाटक उघडं राहिल्यामुळे बाहेर पडलं आणि हरवलं. तिसरं, जे मालकाने गाडीत घालून दूर नेऊन सोडलं. पहिल्याला मालक नाही. दुसऱ्याचा मालक त्याला शोधतो आहे. तिसऱ्याच्या मालकाला ते परत नकोच आहे. चिपेची चर्चा करताना आपण या तिघांना एकाच दोरीने बांधतो आणि तिथेच घोटाळा होतो.

आता जरा मागे जाऊ, आपल्याच शहरात. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली आणि मोगलांच्या दख्खन सुभ्याचं ठाणं झाली. मोगल लष्करात एक पद्धत होती, 'दाग' आणि 'चेहरा'. अकबराने १५७३-७४ च्या सुमारास ती नेटाने लागू केली, त्याच्या आधी अलाउद्दीन खिलजीनेही घोडे डागण्याची व्यवस्था केली होती. मनसबदाराला ठरावीक स्वार आणि घोडे ठेवण्यासाठी जहागीर किंवा रोख मिळायची. पण प्रत्यक्षात तो घोडे ठेवायचाच नाही. तपासणीच्या दिवशी शेजाऱ्याचे घोडे उसने आणायचे, मोजणी झाली की परत द्यायचे. हा उद्योग मोडायला घोड्याच्या अंगावर डाग आला. घोड्याचा रंग, खुणा, स्वाराचं नाव, बापाचं नाव, चेहऱ्यावरचे तीळ-व्रण हे सगळं कागदावर उतरू लागलं. दख्खनमधले असे 'अर्ज-ओ-चेहरा' नावाचे कागद आजही हैदराबादच्या अभिलेखागारात मोठ्या संख्येने जपलेले आहेत. आपण 'चेहरेपट्टी' म्हणतो, त्या शब्दाचं कूळही इथलंच.

या पद्धतीचे तीन भाग लक्षात ठेवा, आपल्याला ते शेवटपर्यंत लागणार आहेत. अंगावरची खूण, दप्तरातली नोंद, आणि वेळोवेळी घोडा समोर उभा करून खूण आणि नोंद ताडून पाहणारा माणूस. ही ताडणी ढिली पडली की दाग असूनही फसवणूक सुरू व्हायची. म्हणजे नुसत्या डागाने काही होत नव्हतं. डागाला किंमत होती, कारण त्यावर पगार अडलेला होता.

आता घोड्यावरून कुत्र्याकडे येऊ. घोड्याला मालक असतोच. कुत्र्याचं तसं नाही. आपल्याकडे कुत्रं हे पुष्कळदा गावाचं असतं. चार घरांचा भाकरतुकडा खातं, रात्री सगळ्या आळीची राखण करतं. आपल्या सातारा परिसरातल्या खंडोबाला जाणाऱ्यांना सांगायला नको की कुत्रं देवाच्या सोबतीला असतं. दत्ताच्या पायाशीही ते आहेच. पण "हे कुत्रं कोणाचं?" असं विचारलं तर उत्तर येतं, "इथलंच आहे." हे 'इथलंच' कायद्याच्या भाषेत बसवणं इंग्रजांना जमलं नाही, आणि त्याची किंमत मुंबईने १८३२ साली मोजली.

मुंबईत १८१३ पासून उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची मुभा होती. १८३२ मध्ये सरकारने ही मुदत वाढवली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. त्या काळात आठ आणे म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे. मग जे व्हायचं तेच झालं. शिपायांनी मोकाट आणि पाळीव असा फरक करणं सोडलं, आवारातून, दारातून कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी आल्या. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे, अंत्यविधीतही त्याची उपस्थिती लागते. ६ जून १८३२ रोजी पारशांच्या जमावाने शिपायांना घेरलं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, हिंदू, जैन आणि मुसलमानही बंदात सामील झाले, लष्कराची रसद अडली. सरकारने धरपकड केली. पण पुढे सरकारला पाऊल मागे घ्यावं लागलं आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याचा मार्ग निघाला.

या दंगलीकडे आपण धार्मिक भावनांचा प्रश्न म्हणून पाहतो. ते खरंच आहे. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक धडा आहे. पाळीव कुठलं आणि मोकाट कुठलं हे ओळखण्याची खूणच नव्हती, आणि ज्याच्या हातात निर्णय होता त्याला फरक न करण्यातच फायदा होता.

इंग्रजी राज्याने पुढे ही उणीव भरून काढली ती बिल्ल्याने. आपल्या शहरात छावणी आहे, तिचं स्वतंत्र मंडळ आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या छावण्यांसाठी १९२४ साली जो कायदा झाला, त्यात कुत्र्यांच्या नोंदणीची तरतूद होती. नोंदलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला मंडळाने दिलेला धातूचा बिल्ला. बिल्ला नसलेलं कुत्रं सार्वजनिक जागी दिसलं तर पकडून ठेवायचं. आठवड्याच्या आत मालकाने येऊन पैसे भरून सोडवलं तर ठीक, नाहीतर त्याला मारायची किंवा अन्य विल्हेवाट लावायची मुभा. आपल्या महानगरपालिका ज्या १९४९ च्या कायद्याने चालतात, त्यातही महापालिका कोणकोणते कर बसवू शकते त्या यादीत कुत्र्यांवरचा कर आहे. म्हणजे खूण आणि नोंद या दोन गोष्टी आपल्या कायद्यात शंभर वर्षांपासून आहेत. चिप ही कल्पना म्हणून नवी नाही, फक्त बिल्ला गळ्यातून कातडीखाली गेला.

पण छावणीचा तो नियम पुन्हा एकदा बारकाईने पाहा. मालकाने आठवड्यात येऊन सोडवावं. ज्याला कुत्रं हवं आहे तो धावत येईल. ज्याला नको आहे, तो काय करेल? काहीच नाही. घरी बसेल. न येणं हेच त्याचं काम सोपं करतं.

इथे कोंडवाडा आठवा. मराठवाड्यातल्या गावांना कोंडवाडा नवा नाही. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गाय कोंडवाड्यात जायची, मालक दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून ती सोडवायचा. कोणी आलंच नाही तर लिलाव व्हायचा. ही पद्धत चालली, कारण गाईला किंमत होती. दंडापेक्षा गाय महाग होती. कुत्र्याच्या बाबतीत हे गणित उलटं होतं. म्हाताऱ्या, खरूज झालेल्या लॅब्रॅडॉरला लिलावात कोण बोली लावणार? मालकाच्या हिशेबात दंड आणि औषधपाणी मिळून कुत्र्यापेक्षा महाग पडतं. म्हणून दंड वाढवला की कुत्रं सोडवायला येणारे वाढतील, असं गृहीत धरता येत नाही.

उलट घडल्याचा दाखला इतिहासात आहे. ब्रिटनने १७९६ साली कुत्र्यांवर कर बसवला. कर टाळण्यासाठी अनेकांनी आपली कुत्री मारून टाकली, अशी वर्णनं त्या काळातली आहेत. कायदा करणाऱ्यांना हे अपेक्षित नव्हतं. पण ज्याचा जीव कुत्र्यात अर्धवटच गुंतलेला आहे, त्याला तुम्ही तारीख आणि रक्कम सांगितली की तो तारखेच्या आत मोकळा होतो. उद्या आपल्या शहरात "अमुक तारखेपर्यंत चिप, नाहीतर इतका दंड" अशी नोटीस निघाली, तर चौका-घाटीच्या रस्त्याला, वाळूजच्या पुढे, शहराच्या कडेला काय होईल याचा विचार नोटीस काढण्याआधी करायला हवा.

मग चिपेचा उपयोगच नाही का? आहे, पण तो नेमका कुठे आहे ते पाहू.

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी नळी. जाड सुईने खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडतात. तिच्यात बॅटरी नसते. पुष्कळांचा समज असतो की मोबाईलवर कुत्रं कुठे आहे ते दिसेल. तसं काही नाही. यंत्र अगदी जवळ नेलं की चिप पंधरा अंकी क्रमांक सांगते, बस्स. मालकाचं नाव, पत्ता, फोन चिपेत नसतो, तो कुठल्या तरी नोंदवहीत असतो. म्हणजे पुन्हा आपण दाग-चेहऱ्यावर आलो. चिप हा दाग. नोंदवही हा चेहरा. आणि यंत्र हातात घेऊन उभा असलेला माणूस ही तपासणी.

तिघांपैकी एक गळालं तर काय होतं? अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठाच्या लिंडा लॉर्ड आणि सहकाऱ्यांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. प्राण्यांच्या ५३ निवाऱ्यांतून माहिती घेतली. भटकताना सापडून आलेल्या एकूण कुत्र्यांपैकी सुमारे २२ टक्के मालकाकडे परत गेली होती. चिप असलेल्या कुत्र्यांत हेच प्रमाण सुमारे ५२ टक्के. फरक मोठा आहे, मान्य. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की चिप असलेल्या प्राण्यांपैकी जेमतेम ५८ टक्क्यांचीच नोंदवहीत नोंद होती. मालक न सापडण्याचं सगळ्यात मोठं कारण काय, तर चुकीचा किंवा बंद झालेला फोन नंबर. आपल्याकडे लोक सिमकार्ड किती वेळा बदलतात ते आठवा.

आता सक्तीचं उदाहरण. इंग्लंडमध्ये कुत्र्याचा परवाना १९८७ साली रद्द झाला. फी होती ३७ पेन्स, आणि तीही साधारण निम्मेच मालक भरत होते. पुढे ६ एप्रिल २०१६ पासून चिप सक्तीची झाली. चिप नसेल तर २१ दिवसांची नोटीस, मग ५०० पौंडांपर्यंत दंड. तिथल्या 'डॉग्स ट्रस्ट' या संस्थेच्या वार्षिक पाहणीत स्थानिक प्रशासनांनी हाताळलेल्या भटक्या कुत्र्यांची संख्या २०१५ च्या सुमारास एक लाखाच्या थोडी वर होती, ती २०१८ पर्यंत सुमारे ५६ हजारांवर आली. आकडा ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण थोडं मागे जा. २०११ साली हीच संख्या सव्वा लाखाच्या घरात होती. म्हणजे उतरण आधीच सुरू होती. चिपेने ती पुढे नेली असेल, पण सगळं श्रेय तिला देता येत नाही. शिवाय लॉकडाऊननंतर प्राणी टाकून दिल्याच्या तक्रारी पुन्हा वाढल्याचं तिथल्या प्राणिकल्याण संस्थांनीच सांगितलं. चिप तेव्हाही सक्तीचीच होती.

स्पेनमध्ये बहुतेक प्रांतांत चिप कित्येक वर्षं सक्तीची आहे. तरीही दरवर्षी लाखाच्या वर कुत्री निवाऱ्यांत येतात, आणि त्यांतल्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्याच अंगात चिप सापडते. म्हणजे जे टाकून देतात त्यांनी बहुतेकदा चिप बसवलेलीच नसते. जबाबदार माणूस नियम पाळतो, आणि ज्याच्यासाठी नियम केला तो त्याच्या बाहेरच राहतो.

आता आपला कायदा काय म्हणतो ते पाहू. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय प्राणी टाकून देणं हा त्यात गुन्हा आहे. दंड किती? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांहून अधिक काळ उलटला, रक्कम तीच आहे. खटलाही तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. २००१ च्या नियमांनी कुत्र्यांची पाळीव आणि रस्त्यावरची अशी विभागणी केली आणि पाळीव कुत्र्याचं लसीकरण, निर्बीजीकरण, परवाना ही मालकाची जबाबदारी ठरवली. २०२३ च्या नव्या नियमांत रस्त्यावरच्या कुत्र्यांना 'सामुदायिक प्राणी' म्हटलं आहे. म्हणजे ते 'इथलंच आहे' अखेर कायद्यात आलं, १८३२ नंतर एकशे एक्क्याण्णव वर्षांनी. पण २०२५ मध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला तेव्हा सारा देश त्यांना कुठे ठेवायचं यावर भांडत होता. घरातून रस्त्यावर नव्याने येणाऱ्यांबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या अंगावरही एक खूण असते. निर्बीजीकरण झालं की कानाला खाच पाडतात. ती लांबून दिसते, वाचायला यंत्र लागत नाही, आणि ती एवढंच सांगते की याचं काम झालं आहे, पुन्हा पकडू नका. ती मालक विचारत नाही. म्हणून ती चालते. ज्याला मालक नाही त्याला चिप बसवून मालक मिळत नसतो. लस कधी दिली याचा हिशेब ठेवायला फार तर तिचा उपयोग होईल.

मग टाकून दिलेल्या कुत्र्यांचं मूळ कुठे आहे? विक्रीत. पग, हस्की, जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर ही कुत्री गल्लीत जन्मत नाहीत. कोणीतरी त्यांची पैदास करतं, कोणीतरी पैसे मोजून घेतं. मराठवाड्याच्या मे महिन्यात हस्कीला सांभाळणं म्हणजे काय, हे घेताना कोणी सांगत नाही. मग बदली होते, घरमालक हरकत घेतो, कुत्रं आजारी पडतं, पिल्लं देणारी मादी थकते आणि गाडी शहराबाहेर निघते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानपैदास नियमांत पैदास करणाऱ्याने नोंदणी करणं, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू न विकणं आणि चिप बसवणं हे सगळं आहे. जपानने १ जून २०२२ पासून हीच वाट धरली. सक्ती पैदास करणाऱ्यांवर आणि विक्रेत्यांवर. आधीपासून कुत्रं असलेल्यांना फक्त आवाहन. आपल्याकडे नियम आहे, पण इंटरनेटवरच्या जाहिरातीवरून पिशवीतून पिल्लू हातात देणाऱ्याला तो कोण विचारतो?

म्हणून आमचं मत असं की सक्ती करायचीच तर ती उलट्या टोकाने करावी. चिप पिल्लाच्या पहिल्या विक्रीच्या वेळी बसावी, आणि पहिली नोंद विकणाऱ्याच्या नावावर असावी. पुढे प्रत्येक हस्तांतर नोंदवलं जावं, जमिनीच्या फेरफारासारखं. म्हणजे रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्याची साखळी शेवटच्या नावापर्यंत जाईल, आणि जो वर्षाला चाळीस पिल्लं विकतो त्याचंही नाव वर येईल.

हे आपल्याला जमणार नाही असं नाही. जनावरांच्या कानातला पिवळा बिल्ला आठवा, बारा अंकी. महाराष्ट्र सरकारने १ जून २०२४ पासून तो सक्तीचा केला. बिल्ला नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय सेवा नाही, बाजारात खरेदी-विक्री नाही. शेतकऱ्याने तो का स्वीकारला? दंडाच्या भीतीने नव्हे. व्यवहार त्यावर अडतो म्हणून. मोगलांचा दागही पगार अडल्यामुळेच चालला. कुत्र्याच्या चिपेलाही असंच काहीतरी जोडावं लागेल. चिप आणि रेबीजची लस एकाच वेळी, मोफत किंवा नाममात्र दरात द्यावी. निर्बीजीकरण केलेल्या कुत्र्याला परवाना फीत सूट द्यावी. आणि दरवर्षी लस टोचायला आलं की फोन नंबर पुन्हा विचारून घ्यावा, म्हणजे नोंदवही जिवंत राहील.

शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे. ज्याला खरोखरच कुत्रं सांभाळणं शक्य नाही, त्याने काय करायचं? आज त्याला शहरात प्रामाणिकपणे जाऊन कुत्रं सोपवता येईल, असं हक्काचं दार नाही. सेवाभावी लोकांचे निवारे भरलेले असतात. दार नसताना चिप सक्तीची केली तर तो चिप बसवण्याआधीच कुत्रं सोडेल, किंवा ते कधी नोंदवणारच नाही. म्हणून महापालिकेने दंडाची नोटीस काढण्याआधी कुत्रं स्वीकारण्याची जागा उभी करावी, तिथे ते ठेवायला, उपचार करायला आणि दुसरं घर शोधायला माणसं नेमावीत. यात पैसे जातील. पण टाकून दिलेली, निर्बीजीकरण न झालेली एक मादी वर्षा-दोन वर्षांत गल्लीला किती पिल्लं देते, आणि रेबीजच्या एकेका चाव्यामागे माणसाला किती इंजेक्शनं घ्यावी लागतात, हा खर्च आपण आजही भरतोच आहोत.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं. सक्तीची चिप हरवलेलं कुत्रं घरी आणेल, त्यासाठी ती बसवावीच. टाकून देणं मात्र ती एकटी थांबवणार नाही. विक्रीपासून नोंद, वाचणारा माणूस आणि सोपवायला दार, या तीन गोष्टी आधी उभ्या केल्या तर ती ते कमी करू शकेल. त्या न करता नुसती तारीख जाहीर केली, तर पहिल्या वर्षी रस्त्यावरची कुत्री वाढलेली दिसतील आणि आपण पुन्हा दोष कुत्र्यांनाच देऊ.

वेळ संपली आहे. तुमचे प्रश्न असतील ते जरूर विचारा.